घंटा माझ्याकडे असते

या, बसा. खुर्ची पुसून घ्या, दव पडलंय.
तुमची कुठली? ती निळ्या हेल्मेटवाली, रेलिंगला चिकटलेली?
राहू द्या तिला.
पहिला महिना सगळ्यांचं रेलिंगशीच लग्न लागलेलं असतं.

मी वैजयंती. नेरुळच्या या रिंकवर फेऱ्या मोजते.
पगार नाही. पितळेची घंटा आहे,
आणि उलट्या चालणाऱ्या आकड्यांच्या पाट्या.
मुलगा बूट माळ्यावर टाकून बंगळुरूला गेला,
मी इथेच राहिले.

गोंधळ होतो सुरुवातीला, तर ऐका.
एका रांगेत चाकं म्हणजे इनलाइन,
दोन पुढे दोन मागे, ते क्वाड.
मूळ खेळ बर्फावरचा, पात्यांचा.
तिथे म्हणे दोघंदोघंच सोडतात, आपापल्या पट्टीत,
दर फेरीला पट्टी बदलायची, आणि भांडायचं घड्याळाशी.
आपल्याकडे कुठला बर्फ?
इथे मीठ होतं. माझे वडील याच बाजूला
लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचे,
कमरेत वाकून, एक पाय मागे रेटत.
पोरींना वळणावर वाकलेलं बघते
तेव्हा मला त्यांची पाठ आठवते, दुसरं काही नाही.

टाइम ट्रायल एकटीने.
पुढे पाठ नाही, मागे चाकांचा आवाज नाही.
घरी बडबड करणारी पोरगी तेवढा वेळ कोणाचीच नसते.

पॉइंट्स रेसमध्ये मी घंटा दिली
की पुढच्या फेरीला गुण.
म्हणून शेवटची रेष आधी ओलांडणारी एक
आणि जिंकणारी दुसरीच, असंही होतं.
हे घरी समजावून सांगताना मुली रडकुंडीला येतात.

एलिमिनेशन मला आवडत नाही.
ठरल्या फेरीला सगळ्यात मागची बाहेर.
तिथे मी चेहरे बघतच नाही,
मागच्या पायाचं मागचं चाक बघते, रेषेवर.
बाहेर झालेली माझ्याजवळ येऊन बसते,
मी पाण्याची बाटली सरकवते, विचारत काही नाही.

रिलेत काठी नसते हो.
कमरेवर दोन्ही हात ठेवून ढकलायचं,
आपल्यात उरलेलं सगळं दुसरीला देऊन टाकायचं.

आणि रविवारी पहाटे पाचला उलव्याचा रस्ता.
इमारती उभ्या, खिडक्यांना पडदे नाहीत अजून.
पुढची वारा कापते, बाकीच्या तिच्यामागे एका माळेत.
वारा कापणारी दमली की बाजूला होते,
न सांगता दुसरी पुढे येते.
तांडेल सर टेम्पोतून ओरडतात, ते कोणाला ऐकू जात नाही.

एक सांगते. दोन वर्षं झाली.
पंधरा फेऱ्यांची शर्यत होती,
आणि मी एक फेरी आधीच घंटा वाजवली.
शेजारी कोणीतरी वडापाव विचारत होतं. बास, तेवढंच.
निर्झरा भोपी मागून सुटली ती सुटलीच,
सगळ्यांना मागे टाकून रेष ओलांडली, हात वर केले,
आणि पंच दोन्ही हात हलवत आत धावले.
शर्यत पुन्हा घ्यायची ठरली.
तिच्या पायात काही उरलं नव्हतं. चौथी आली.

मी गेले तिच्याकडे. ती चाकांचे स्क्रू सैल करत होती.
माफी मागायला तोंड उघडलं,
तर वर न बघताच म्हणाली,
"काकू, एवढी जोरात मी कधीच गेले नव्हते.
त्या फेरीची वेळ लिहिलीय का कोणी?"

कोणीच लिहिली नव्हती.

तेव्हापासून माझ्या पिशवीत एक वही असते.
आकडे असतात नुसते, नावं, तारखा.
कोणाच्याच कामाचे नाहीत, तुम्हाला हवी तर बघा नंतर.

आता नको.
लागल्या त्या, बघा, पाटीवर सहा.
तुमच्या पोरीचा एक हात सुटलाय वाटतं,
तिला हाक मारू नका.
आणि माझ्याशी बोलू नका.
मोजतेय.